गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सीमेवर : सौराष्ट्राचे हिवाळी पक्षी

काठियावाड किंवा सौराष्ट्र या नावांनी ओळखला जाणारा द्वीपकल्प तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला असला, तरी ते पाणी तिन्ही बाजूंना सारखे नाही. उत्तरेला कच्छचे आखात आहे, उथळ, बेटांनी आणि प्रवाळांनी भरलेले. पूर्वेला खंबातचे आखात आहे, गाळाने गढूळ आणि भारतातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीचे. आणि नैर्ऋत्येला ओखा-द्वारकेपासून पोरबंदर, वेरावळमार्गे दीवपर्यंत खुला अरबी समुद्र आहे. ईशान्येकडे द्वीपकल्प गुजरातच्या मुख्य भूमीला जोडला जातो तो भागही फार सखल आहे. दोन्ही आखाते एके काळी तेथे एका सामुद्रधुनीने जोडलेली असावीत असे भूवैज्ञानिक मानतात आणि आजचे नळ सरोवर हा त्याच जुन्या खोलगटाचा पावसाळ्यात भरणारा अवशेष समजला जातो. भादर, शेत्रुंजी, आजी, मच्छू या नद्या मधल्या उंचवट्यावरून चहूकडे वाहत किनाऱ्याकडे येतात. त्या आखूड आहेत आणि पावसाळा संपला की लवकरच आटू लागतात. परिणामी ऑक्टोबरमध्ये, जेव्हा उत्तर आणि मध्य आशियातील तळी गोठण्याच्या वाटेवर असतात, तेव्हा या द्वीपकल्पाच्या कडेने गोड्या पाण्याचे उथळ तलाव, निमखाऱ्या दलदली, मिठागरे आणि ओहोटीला उघडे पडणारे चिखलपट्टे एकाच वेळी उपलब्ध असतात. येथील हिवाळी पक्षिवैभवाचे मूळ या शेजारात आहे. एखाद्या एकाच मोठ्या सरोवरात ते शोधायला गेल्यास सापडत नाही.

हे पक्षी ज्या वाटेने येतात तिला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. उड्डाणमार्ग म्हणजे आकाशातील एखादी अरुंद पट्टी नव्हे. प्रजननाची ठिकाणे, वाटेतील थांबे आणि हिवाळी मुक्काम यांना जोडणारा तो एक विस्तीर्ण प्रदेश असतो आणि मध्य आशियाई मार्ग सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यापासून हिंदी महासागरापर्यंत सुमारे तीस देशांवर पसरलेला आहे. आगमनाचा क्रमही ठरलेला असतो. चिखलात चालून अन्न शोधणारे लांब पायांचे पक्षी, ज्यांना पक्षिनिरीक्षक सरसकट ‘वेडर’ म्हणतात, ते ऑगस्टपासूनच, म्हणजे पाऊस चालू असतानाच, किनाऱ्यावर दिसू लागतात; बदके आणि क्रौंच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात; मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक सारे परततात. प्रजननक्षम न झालेली काही पिल्ले मात्र पुढचा उन्हाळाही येथेच काढतात, त्यामुळे मे महिन्यात किनाऱ्यावर दिसलेला एखादा वेडर वाट चुकलेला किंवा जखमी आहे असे समजण्याचे कारण नसते.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा समुद्र अधिक ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला कोकणात उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या दुबळ्या भरतीला भांग; या दोहोंच्या मधल्या फरकावर चिखलपट्ट्याचा किती भाग किती वेळ उघडा राहणार हे अवलंबून असते. कच्छच्या आखातात मुखाकडून आत पूर्वेकडे जावे तशी भरती-ओहोटीच्या पातळीतील तफावत वाढत जाते, तर खंबातच्या आखातात भावनगरजवळ ती उधाणात दहा मीटरांच्या आसपास पोहोचते. किनारा जवळजवळ सपाट असल्यामुळे पाणी उतरले की ते कित्येक किलोमीटर मागे हटते आणि पाठीमागे राहतो तो चिखल, ज्यात किडे, शिंपले, गोगलगाई आणि खेकडे खच्चून भरलेले असतात. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे वेडर पक्षी आज सकाळी खातात, आठवडाभराने भर दुपारी खातात, आणि पुष्कळदा चांदण्यात किंवा अंधारातही खातात.

अंधारात, आणि तेही चिखलाखालचे भक्ष्य सापडावे कसे, याचे उत्तर चोचीत आहे. अनेक वेडरांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श आणि दाब जाणणाऱ्या चेतापेशींचे पुंजके असतात. चोच ओल्या वाळूत खुपसली की कठीण शिंपल्यामुळे बदललेला पाण्याचा दाब पक्ष्याला कळतो. शिवाय काही जाती संपूर्ण चोच न उघडता तिचे केवळ टोक उघडू शकतात आणि चिखलाच्या आतच किडा पकडू शकतात. चोचीच्या लांबीप्रमाणे भक्ष्याची खोलीही वाटली गेलेली आहे. चिमणीएवढा छोटा टिलवा वरच्या थरातले बारीक जीव टिपतो, चिखल्या डोळ्यांनी पाहून धावतो आणि पृष्ठभागावरचा किडा उचलतो, गॉडविट सरळ लांब चोच खोल रोवतो, तर कर्ल्यू आपल्या खाली वळलेल्या, बोटभर नव्हे तर वीतभर लांब चोचीने खेकड्याच्या वाकड्या बिळाचा शेवट गाठतो. कालवफोड्याची तांबडी, चपटी चोच शिंपला उघडण्यासाठीच घडलेली आहे. एका चिखलपट्ट्यावर वीसेक जाती एकत्र खाताना दिसतात, पण त्यांची अन्नासाठी झटापट तुलनेने कमी दिसते, त्याचे एक कारण ही विभागणी आहे.

या गर्दीतील एक पक्षी सौराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्याची खास ओळख ठरावी असा आहे. क्रॅब प्लोव्हर हा पांढराशुभ्र अंग, काळी पाठ आणि दणकट काळी चोच असलेला पक्षी आपल्या कुलातील एकटाच आहे. त्याचे जवळचे नातलग म्हणावेत असे पक्षी वेगळ्याच कुलांत मोडतात. तो इराण, ओमान, आखाती देश आणि तांबड्या समुद्राभोवतीच्या वालुकामय बेटांवर वसाहती करून वाढतो आणि वेडर पक्ष्यांत केवळ हाच वाळूत लांब बोगदा खोदून त्याच्या टोकाशी अंडे घालतो. तळपणाऱ्या बेटावर बोगद्यातले तापमान अंड्याला पुरेशी ऊब देणारे असल्यामुळे आईबापांना अंडे उबवण्यात फारसा वेळ घालवावा लागत नाही. मादी सहसा एकच अंडे घालते आणि त्या एकुलत्या पिल्लाचे संगोपन आश्चर्य वाटावे इतके दीर्घ असते : समुद्र ओलांडून हिवाळी मुक्कामी आल्यानंतरही पिल्लू मोठ्या पक्ष्यामागे ओरडत फिरते आणि त्याला फोडलेला खेकडा मिळतो. जामनगरच्या किनाऱ्यावर, पिरोटन बेटाभोवती आणि आखातातील इतर चिखलपट्ट्यांवर हिवाळ्यात या पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. वर्षाला एकच पिल्लू वाढवणाऱ्या जातीला झालेले नुकसान लवकर भरून येत नाही, हे लक्षात घेतले की त्यांच्या हिवाळी मुक्कामांचे मोल समजते. आखाताच्या या दक्षिण किनाऱ्याचा आणि बेटांचा काही भाग १९८२ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान म्हणून घोषित झाला. भारतातील ते असे पहिलेच उद्यान होय.

भरती चढू लागली की हे सारे पक्षी किनाऱ्याकडे ढकलले जातात आणि पाणी न पोहोचणारी, उघडी, शत्रू दुरून दिसेल अशी जागा शोधतात. त्या जागेला भरतीचा थारा म्हणता येईल. अशा थाऱ्यावर पक्षी तीन-चार तास एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात, पिसे साफ करतात. हा वेळ रिकामा नसतो. परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची तर जितके खाल्ले त्यातले थोडेच खर्च व्हायला हवे आणि थाऱ्यावरून वारंवार उठवला गेलेला थवा प्रत्येक उड्डाणात ती साठवण उधळत असतो. सौराष्ट्रात हा थारा अनेकदा मिठागरांच्या बांधांवर मिळतो.

मिठागर हे माणसाने मीठ पिकवण्यासाठी तयार केलेले शेत असले, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने ती वेगवेगळ्या खारटपणाच्या तळ्यांची साखळी असते. समुद्राचे पाणी पहिल्या मोठ्या कप्प्यात घेतात, ऊन-वाऱ्याने ते आटत जाते तसे पुढच्या कप्प्यात सोडतात, आणि शेवटच्या छोट्या कुंड्यांमध्ये मीठ बसते. पहिल्या कप्प्यांत मासे असतात, तेथे झोळीवाले, बगळे आणि सुरय येतात. मधल्या कप्प्यांत पाणी माशांना सोसवत नाही एवढे खारट होते आणि शत्रू नसल्यामुळे आर्टेमिया नावाची इवलीशी कोळंबी बेसुमार वाढते, तेथे उचाट्या, शेकाट्या आणि रोहित (फ्लेमिंगो) जमतात. शेवटच्या कुंड्यांत सजीव जवळजवळ नसतात. द्वारकेजवळच्या चरकला येथील मिठागरे पक्षिनिरीक्षकांत याच कारणासाठी प्रसिद्ध आहेत. हा भाग म्हणजे ओखामंडळ. तो स्वातंत्र्यापूर्वी बडोद्याच्या गायकवाडांच्या ताब्यात होता आणि सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून येथील समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली होती, जिच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोती, शंख, मासे यांच्या उत्पन्नाचा शोध हा तिचा हेतू असला, तरी पक्षी ज्यावर जगतात त्या किनाऱ्याच्या जीवसृष्टीची ही फार जुनी शास्त्रीय नोंद आहे आणि मराठी वाचकांना तिची आठवण असायला हवी.

रोहित पक्ष्यांच्या दोन्ही जाती या किनाऱ्यावर दिसतात. मोठा रोहित उंच, फिकट आणि गुलाबी चोचीला काळे टोक असलेला असतो, तर छोटा रोहित अधिक गडद गुलाबी आणि काळपट तांबड्या चोचीचा असतो. दोघेही डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतात आणि जाडसर जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत चोचीच्या कडांवरील बारीक पट्टिकांच्या चाळणीतून अन्न गाळतात; पण मोठ्या रोहिताच्या चाळणीची छिद्रे मोठी, म्हणून तो कोळंबी, अळ्या, बारीक शिंपले खातो आणि छोट्याची अतिशय बारीक, म्हणून तो मुख्यत्वे सूक्ष्म शैवालावर जगतो. पिसांचा रंग त्या शैवालातून किंवा शैवाल खाणाऱ्या जीवांतून येणाऱ्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांचा असतो. मोठा रोहित हा गुजरातचा राज्यपक्षी आहे. त्याचे विख्यात विणीचे ठिकाण सौराष्ट्रात नसून आखातापलीकडे कच्छच्या मोठ्या रणात आहे, जेथे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९४५ मध्ये जाऊन त्या अफाट वसाहतीची पाहणी केली होती. पोरबंदरमध्ये मात्र रोहित पाहण्यासाठी शहराबाहेर जावे लागत नाही. तेथील छोटे पक्षी अभयारण्य वस्तीच्या मधोमध आहे आणि आसपासच्या मोकरसागरसारख्या विस्तीर्ण पाणथळींतून पक्षी त्यात ये-जा करतात.

गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सीमा जिथे सर्वांत स्पष्ट दिसते ते ठिकाण जामनगरपासून जवळच आहे. खिजडिया येथे नवानगर संस्थानाच्या राज्यकर्त्यांनी १९२० मध्ये एक बांध घातला, तो समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून. बांधाच्या आतल्या बाजूला नदीचे पावसाळी पाणी साठत गेले आणि तेथे पाणकणसांची, कमळपक्ष्यांची, वारकऱ्यांची गोड्या पाण्याची दलदल तयार झाली, तर बाहेरच्या बाजूला तिवरांची खाजणे आणि मिठागरे पूर्ववत राहिली. बांधावर उभे राहिल्यास एका हाताला थापट्या, तलवार बदक, शराटी आणि चमचे, तर दुसऱ्या हाताला कर्ल्यू आणि रोहित दिसतात. येथे तीनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे, त्यांत मोठ्या डाल्मेशियन झोळीवाल्यासारख्या जागतिक पातळीवर चिंतेच्या जातीही आहेत. २०२२ मध्ये खिजडियाचा रामसर स्थळाचा दर्जा जाहीर झाला. १९७१ मध्ये इराणमधील रामसर गावी झालेल्या करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना तो दिला जातो. ज्या बांधामुळे हे घडले तो शेतीसाठी होता आणि पक्ष्यांचा विचारही त्यामागे नव्हता, ही गोष्ट संरक्षणाचे धोरण आखणाऱ्यांनी विसरू नये, कारण सौराष्ट्रातील कितीतरी उत्तम पाणथळी अशाच मानवी गरजेतून निर्माण झाल्या आहेत.

नळ सरोवराची तऱ्हा वेगळी आहे. साधारण १२० चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले आणि २०१२ मध्ये रामसर यादीत आले. पाणी बहुतेक ठिकाणी कमरेइतकेही खोल नसल्यामुळे पाढार समाजाचे लोक आपल्या होड्या बांबूने ढकलत नेतात आणि पाहुण्यांना पक्षी दाखवतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी सरोवर आक्रसते आणि पक्षी इतरत्र पांगतात. अशा वर्षी त्यांना सामावून घेणारे गावतलाव आणि धरणांचे फुगवटे नसते, तर सरोवराच्या नावलौकिकाचा पक्ष्यांना काही उपयोग झाला नसता.

पाण्याइतकीच जमीनही या द्वीपकल्पात पक्ष्यांना पोसते. भुईमूग हे सौराष्ट्राचे मोठे पीक, आणि त्याची काढणी होते त्याच सुमारास मंगोलिया, कझाकस्तानकडून कांड्या करकोचे, म्हणजे डेमॉझेल जातीचे क्रौंच, आणि त्यांच्याबरोबर साधे क्रौंच येऊन दाखल होतात. ते दिवसा शेतातले सांडलेले दाणे टिपतात आणि रात्री जलाशयाच्या उथळ पाण्यात उभे राहतात, कारण पाण्यातून येणाऱ्या कोल्ह्या-कुत्र्याचा आवाज लगेच कळतो. भावनगर जिल्ह्यातील वेळावदरचे गवताळ मैदान काळविटांसाठी राखलेले आहे, पण हिवाळ्यात संध्याकाळी तेथे भोवत्यांचा, म्हणजेच हॅरियर या सडपातळ शिकारी पक्ष्यांचा, रातथारा भरतो. दिवसभर दूरदूरच्या शेतांवरून जमिनीलगत तरंगत टोळ आणि नाकतोडे पकडणारे मोंटेग्यू, फिक्कट आणि दलदली भोवत्ये सूर्यास्ताला या गवतात उतरतात. जगातील अशा सर्वांत मोठ्या रातथाऱ्यांत वेळावदरची गणना झाली आहे. अलीकडे तेथील संख्या घटत गेल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आसपासची गवताळ राने शेतीखाली जाणे आणि कीटकनाशकांचा वापर वाढणे, ही कारणे त्यांना संभवनीय वाटतात. पिकावरची कीड फुकटात खाणाऱ्या पक्ष्याला कीटकनाशकाने हुसकावून लावणे हा शेतकऱ्याच्याही तोट्याचा व्यवहार आहे.

या साऱ्या ज्ञानाला सौराष्ट्रातील संस्थानी घराण्यांतील काही व्यक्तींचा मोठा हातभार लागला. भावनगरचे धर्मकुमारसिंहजी यांनी १९५०च्या दशकात सौराष्ट्राच्या पक्ष्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, जो आजही संदर्भासाठी वापरला जातो. जसदणच्या घराण्यातील लवकुमार खाचर यांनी हिंगोळगढ येथील निसर्गशिबिरांतून मुलांच्या पिढ्या पक्ष्यांकडे वळवल्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्षिस्थलांतराचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा स्थलांतरित पक्षी रोगजंतू वाहून आणतात का, हा प्रश्न पुढे होता. पायात क्रमांकाचे कडे घालून सोडलेल्या पक्ष्यांनी मात्र त्याहून पुष्कळ अधिक सांगितले. त्याच संस्थेने २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीतील सहा रोहितांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली आणि त्यांपैकी काहींचा प्रवास गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत आणि रणापर्यंत नोंदवला गेला. ठाणे-नवी मुंबईच्या पुलांवरून दिसणारे गुलाबी थवे आणि खंबात-कच्छच्या आखातांतील पाणी हे एकाच व्यवस्थेचे भाग आहेत, हे त्या नोंदींनी सिद्ध केले. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली. पण रोहितांच्या वर्षाचा अर्धा हिशेब गुजरातेत मांडला जातो.

धोक्यांपैकी तेलवाहतूक, बंदरे आणि किनाऱ्यावरचे उद्योग यांची चर्चा नेहमी होते आणि ती व्हायलाच हवी. उच्चदाबाच्या वीजतारांचा धोका त्या मानाने कमी बोलला जातो. रोहित आणि क्रौंच लांब मानेचे, जड पक्षी असून पहाटे, धुक्यात किंवा रात्री उडताना त्यांना तार टाळणे अवघड जाते, म्हणून पाणथळींच्या मधून जाणाऱ्या तारांवर ठळक चकत्या लावणे किंवा त्या जमिनीखालून नेणे हे कमी खर्चाचे नसले तरी अपरिहार्य आहे. याहून नाजूक प्रश्न तिवरांच्या लागवडीचा आहे. तिवर किनारा धरून ठेवते, माशांना आसरा देते, आणि गुजरातने ते जंगल वाढवण्यात मोठे काम केले आहे. परंतु उघडा चिखलपट्टा ही पडीक जमीन समजून त्यावरही रोपे लावली, तर क्रॅब प्लोव्हर, गॉडविट, टिलवे यांची खाण्याची जागाच झाकली जाते, कारण हे पक्षी झाडांच्या दाटीत खात नाहीत. तिवर तिवराच्या जागी आणि चिखल चिखलाच्या जागी राहणे, हेच खरे संरक्षण.

या किनाऱ्यावर पक्षी पाहायला जाणाऱ्याने पंचांगाआधी भरतीचे वेळापत्रक पाहावे. ओहोटीला गेल्यास पक्षी क्षितिजावर ठिपक्यांसारखे दिसतात. भरती पूर्ण होण्यापूर्वी दोन-तीन तास किनाऱ्यावर पोहोचून, सूर्य पाठीशी ठेवून, एका जागी बसल्यास वाढते पाणीच त्यांना दुर्बिणीच्या टप्प्यात आणते. चिखलात एकट्याने पुढे जाणे पक्ष्यांइतकेच स्वतःसाठीही घातक, कारण सपाट किनाऱ्यावर पाणी माणसाच्या चालीपेक्षा वेगाने भरते. थाऱ्यावरचे पक्षी माना उंचावून एका दिशेने चालू लागले, तर अंतर फार कमी झाले असे समजून मागे फिरावे. छायाचित्रासाठी थवा उडवणे हे पक्षिनिरीक्षण नव्हे.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून चालत आलेल्या या उपक्रमात स्वयंसेवक ठरावीक पाणथळींवरचे पक्षी मोजतात. प्रसिद्ध अभयारण्यांना मोजणारे पुष्कळ भेटतात. गावाबाहेरचा पाझर तलाव, वापरातून गेलेले मिठागर आणि नाव नसलेला चिखलपट्टा यांची सलग वर्षांची नोंद क्वचितच असते आणि एखाद्या प्रकल्पासाठी जमीन मागितली जाते, तेव्हा तेथे पक्षी होते हे दाखवायला काहीच हाती राहत नाही. सौराष्ट्रात असो वा कोकणात, ज्याच्या घराजवळ अशी एखादी जागा आहे त्याने तेथील पक्षी दरवर्षी मोजावेत आणि आकडे गणनेकडे पाठवावेत.